साइडबॉटम हे आडनाव आले कोठून?

प्रश्न: इंग्लंडचा डावखुरा गोलंदाज रायन साइडबॉटम आणि त्याचे वडील आर्नी हे दोघेही कसोटी खेळले. ऐकणाऱ्याला हमखास हसू फुटावे अशा या आडनावाचे मूळ काय असावे, आणि ते शोधायचे कसे?

प्रतिसाद १: हसण्यासारखे त्यात काही नाही. ‘बॉटम’ म्हणजे येथे ढुंगण नव्हे, तर दरीचा तळ आणि ‘साइड’ हे ‘रुंद’ अशा अर्थाच्या जुन्या शब्दाचे रूप. चेशर परगण्यातील अशा रुंद दरीवरून हे आडनाव पडले, म्हणजे आपल्या ‘कर’वाल्या आडनावांचाच हा प्रकार. पूर्वी लँकेशरमध्ये असलेले रॅम्सबॉटम हे गाव तर आजही नांदते आहे.

प्रतिसाद २: व्युत्पत्तिकोशापाशी थांबू नये. इंग्लंडमध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी 1837 साली सुरू झाली. त्यामागे जायचे तर चर्चच्या नोंदवह्या चाळाव्या लागतात, ज्या ठेवण्याचा हुकूम 1538 सालचा आहे. पाद्री कानावर पडेल तसे लिहीत, त्यामुळे ‘साइडबॉथम’सारखी रूपेही तपासावीत.

प्रतिसाद ३: त्याआधी 1881 च्या जनगणनेत हे आडनाव कोणत्या परगण्यात दाटले होते ते पाहावे, निम्मी पायपीट वाचते.