गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया: फ्लॅपची जखम खालच्या टोकाला उघडली आहे, फ्लॅप निकामी झाला असे समजावे का?

प्रश्न (सोलापूर)

माझ्या वडिलांना गुदाशयाच्या अगदी खालच्या भागाचा कर्करोग होता. किरणोपचाराच्या २८ बैठका आणि सोबत केमोच्या गोळ्या झाल्यावर त्यांचा गुदाशय व गुदद्वार काढून डाव्या बाजूला कायमची शौचाची पिशवी बसवण्यात आली, आणि मागची पोकळी भरण्यासाठी पोटाच्या उजव्या बाजूचा उभा स्नायू त्वचेसकट आतून फिरवून बसायच्या जागी लावण्यात आला (यालाच डॉक्टर फ्लॅप म्हणतात). आता तिसरा आठवडा चालू आहे. माकडहाडाजवळच्या टोकाला टाके सुटून साधारण दोन बोटे रुंद फट पडली आहे. आत पिवळसर थर दिसतो आणि पातळ लालसर पाणी येऊन पॅड ओला होतो. ताप नाही. त्यांना मधुमेह आहे आणि तंबाखूची सवय शस्त्रक्रियेच्या जेमतेम आधी सुटली आहे. पुढची तपासणी आठवड्याने आहे. फ्लॅप निकामी झाला आहे का, आणि त्यांना बसवायचे केव्हा?

प्रतिसाद १ (प्लास्टिक सर्जन)

ताई, प्रत्यक्ष न पाहता निदान करता येत नाही, आणि अशी फट पडल्याचे शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकाला आजच कळवायला हवे. त्यासाठी आठवडा थांबू नका. तरीही आपण वर्णन केलेली फट आणि फ्लॅप निकामी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्लॅपची रक्तवाहिनी पिळली गेली किंवा तिच्यात गुठळी झाली, तर ते बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांतच कळते: धमनी बंद पडल्यास त्वचा पांढुरकी व थंड होते, आणि शीर बंद पडल्यास जांभळी, फुगलेली दिसते. फ्लॅपच्या मधल्या त्वचेवर बोट दाबून सोडा; पांढरा पडलेला ठिपका दोन-तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी होत असेल, तर तिथे रक्त पोहोचते आहे. तिसऱ्या आठवड्यापर्यंत जगलेला फ्लॅप सहसा एकाएकी मरत नाही.

मग टाके का सुटतात? फ्लॅपची कड पोटावरची, ताजी असते; पण ती ज्या कडेला शिवलेली असते, ती नितंबाची त्वचा किरणोपचारात भाजून निघालेली असते. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, जागा सतत ओलसर राहते आणि माकडहाडाजवळच्या टोकावर झोपतानाही भार येतो. त्यात मधुमेह आणि तंबाखू. पिवळा थर हा पू असतोच असे नाही. भरत्या जखमेवर तसा थर साचतो. किरणोपचारानंतर या जागेची जखम अवघड असते, मग फ्लॅप लावा किंवा लावू नका. नेदरलँड्समधील एका चाचणीत साध्या टाक्यांनी बंद केलेल्या जखमांपैकी ६६ टक्केच जखमा ३० दिवसांत गुंतागुंतीविना भरल्या होत्या. ओटीपोटाची हाडे आत दबत नाहीत, त्यामुळे गुदाशय काढल्यावर पोकळी तशीच राहते, तिच्यात द्रव साचतो, तो नासतो आणि आतडे खाली उतरून तिथे चिकटते. फ्लॅपचे खरे काम ती पोकळी भरणे हे आहे. ते झाले असेल, तर कडेची दोन बोटांची फट ही ड्रेसिंगने काही आठवड्यांत, कधी त्याहून उशिरा, भरून येणारी बाब ठरते.

मात्र पुढीलपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे: थंडी वाजून ताप, दुर्गंधी किंवा अचानक वाढलेला स्राव, जखमेतून मळासारखा अथवा लघवीचा वास असलेला द्रव, ताजे रक्त, फ्लॅपची त्वचा काळी पडणे, एकाच पायाला सूज किंवा धाप लागणे. ताप असेल तर आत गळू साचले आहे का हे सीटी स्कॅनवर पाहतात आणि बहुधा बाहेरून नळी घालून ते काढतात.

प्रतिसाद २ (स्टोमा व जखमांच्या विभागातील परिचारिका)

सरांच्या उत्तरात घरच्या काळजीची भर घालते. जखम सलाईनने धुवावी. हायड्रोजन पेरॉक्साइड, हळद, घरगुती लेप यांपैकी काहीही घालू नये. आत गॉज ठेवायला सांगितले असेल तर ते सैल ठेवावे, कोंबू नये, आणि तोंडाशी जखम मिटून आत पोकळी राहत नाही ना, हे ड्रेसिंग करणाऱ्याने दरवेळी पाहावे. पोकळी खोल असेल तर डॉक्टर निर्वात दाबाचे (यंत्राने जखमेतला स्राव ओढून घेणारे) ड्रेसिंग सुचवू शकतात. दर दोन तासांनी कूस बदलावी. उठताना सरळ बसून न उठता कुशीवर वळून, पाय खाली सोडून उठावे. भोकाची रिंग असलेली उशी मुळीच घेऊ नये. तिच्या कडेवर दाब पडून मधल्या भागाचा रक्तपुरवठा अडतो. बसण्याची परवानगी मिळेल तेव्हा हवेची किंवा जेलची गादी घ्यावी आणि सुरुवात काही मिनिटांपासून करावी. नेमके केव्हा, हे सर्जननेच ठरवायचे असते. जखम उघडलेली असताना बहुतेक जण ते लांबवतात.

एक गोष्ट बऱ्याच घरांत राहून जाते. फ्लॅपच्या त्वचेला स्पर्शाची जाणीव नसते. दुखते म्हणून प्रेमाने दिलेल्या गरम पाण्याच्या पिशवीच्या शेकाने तिथे भाजते आणि रुग्णाला ते कळतही नाही. अंडी, डाळी, दूध, पनीर यांतून प्रथिने वाढवा, आणि साखर रोज तपासून नोंदवा.

प्रतिसाद ३ (स्वतः रुग्ण)

माझ्या शस्त्रक्रियेत मूत्राशयही काढावे लागले. पोटावर दोन पिशव्या येणार असल्याने तिथला स्नायू न घेता मांडीच्या आतल्या बाजूचा फ्लॅप लावला. त्याचे खालचे टोक काळे पडले आणि ते कापून काढावे लागले; मांडीत पाणी साचून सुईने काढावे लागले, तिथला बधिरपणा अजून गेलेला नाही. सगळे लक्ष मागच्या जखमेकडे असते आणि जिथून मांस घेतले त्या जागेकडे कोणी पाहत नाही, म्हणून लिहिते आहे. आपल्या वडिलांच्या बाबतीत ती जागा पोट आहे. स्नायू गेलेल्या जागी फुगवटा किंवा हर्निया होऊ शकतो, तसा पिशवीच्या भोवतीही होतो. खोकताना पोटावर हात दाबून धरायला सांगा, जड उचलू देऊ नका, आणि पोटपट्टा बांधण्यापूर्वी पिशवीसाठी छिद्र ठेवायचे का हे विचारून घ्या. काही महिन्यांनी उभे राहताना खाली ओढल्यासारखे वाटून फुगा जाणवला, तर तो मागचा हर्निया असू शकतो; संकोचाने लपवू देऊ नका.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. बोट दाबून पाहिले. ठिपका लगेच गुलाबी होतो. पोटावरचे केस त्या त्वचेवर तसेच आहेत, हे पाहून आईला फार विचित्र वाटते. काल रुग्णालयात फोन केला, त्यांनी उद्याच बोलावले आहे. केमोथेरपी पुढच्या महिन्यात सुरू करायची होती. जखम उघडी असताना ती देतात का?

प्रतिसाद १ (प्लास्टिक सर्जन)

संसर्ग नसेल आणि जखम लालसर, भरती असेल, तर काही वेळा देतात. गळू किंवा ताप असेल तर आधी तो आटोक्यात आणतात. फार उशीर झाला तर केमोचा फायदा घटतो, म्हणून हा निर्णय जखम पूर्ण भरण्याची वाट पाहत लांबवत नेऊ नये. उद्या जाताना कर्करोगतज्ज्ञांची भेटही त्याच दिवशी मागून घ्या आणि साखरेच्या नोंदी सोबत न्या. आणि त्या केसांसाठी घरी रेझर लावू नका.