मदत हवी आहे: निफ्ट की थेट सुरत?

नमस्कार ताई-दादांनो. मी अमळनेरची. बी.कॉम. झालंय, घरी ब्लाऊज शिवते. पुढे टेक्सटाइल डिझाइनच करायचंय, एवढं नक्की.

निफ्टचं, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचं, दोन वर्षांचं एम.डेस. (डिझाइनची पदव्युत्तर पदवी) कुठल्याही शाखेच्या पदवीवर करता येतं. पण मुंबईचं निफ्ट खारघरला. फी आणि राहण्याचा खर्च ऐकून अण्णांनी पुन्हा पेपरात डोकं घातलं.

दुसरीकडे सुरत. ताप्ती लाइनची गाडी पकडली की थेट, आत्याही उधन्यालाच राहते. साडीच्या प्रिंटचे रिपीट (पुन्हा पुन्हा येणारा नमुना) बसवणारे, भरतकामाच्या मशीनसाठी पंचिंग करणारे (म्हणजे डिझाइनची टाक्यांची फाइल बनवणारे) तिथे लागतातच. फक्त भीती अशी, की दुसऱ्यांची डिझाइनं उचलून रंग बदलून देण्यातच उमेद संपायची. तिथे काम केलेल्यांनी खरं सांगा, स्वतःचं काही करू देतात का?

आणि पोर्टफोलिओ. बंजारा भरतकाम, आरसे, कवड्या बघून काढलेले माझे बरेच नमुने आहेत. तेच ठेवू, की कागदावरून कापडापर्यंत डिझाइन कसं गेलं तेही दाखवू? (मला दुसरं बरं वाटतं.)

फोटोशॉप थोडं येतं. जळगाव-धुळ्यात पंचिंगचं विलकॉम सॉफ्टवेअर नीट शिकवणारं कुणी माहीत आहे का?