ट्रॅकवर शिकलेलं रिंग रोडवर चालतं का?

मानकापूरचा_मुसाफिर

डिसेंबरात चेन्नईला जाऊन आलो. श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टाईला ३.७ किमीचा, १२ वळणांचा रेस ट्रॅक आहे, तिथे दोन दिवसांचा रायडिंग कोर्स केला. रेल्वेचं तिकीट, फी, भाड्याचा लेदर सूट धरून माझा दीड महिन्याचा पगार गेला. तेव्हापासून ग्रुपमधले विचारतात, "आता रेस लावणार का?" आणि घरी आई विचारते, "म्हणजे इतकी वर्षं तुला गाडी येतच नव्हती?"

आईचा प्रश्न जास्त बरोबर आहे. १२ वर्षं चालवतोय आणि येत नव्हती.

लोकांना वाटतं तिथे वेग शिकवतात. पहिल्या सत्रात आम्हाला ब्रेकला हातच लावू दिला नाही. गिअरही एकच. फक्त रेस (अ‍ॅक्सिलरेटर) कुठे सोडायची आणि वळणात ती हळूहळू कशी उघडत न्यायची, एवढंच. (ही पद्धत अमेरिकेतल्या किथ कोडची. त्याने १९८० मध्ये सुपरबाइक स्कूल काढलं.) वळणात भीती वाटली की मी रेस धाडकन सोडायचो. मग सगळं वजन पुढच्या चाकावर यायचं, गाडी अडखळायची, धरलेली रेषा मोडायची. हे कोणी मागून बघून सांगेपर्यंत मला कळलंच नव्हतं. आणि डावीकडे वळायचं तर हँडलचा डावा हात पुढे ढकलायचा असतो, हेही तिथेच नीट कळलं. तोवर शरीर करत होतं, डोक्याला पत्ता नव्हता.

माझं मत: याचा रस्त्यावर उपयोग होतो, भरपूर होतो. ज्यांना पटत नाही त्यांनी बिनधास्त लिहावं.

खिंडसीपर्यंतच

भाऊ, चेन्नैले जाऊन आले, चांगलं केलं. पन मले एक सांगा, त्या ट्रॅकवर समोरून राँग साइडनं ट्रॅक्टर येते का? मागं ट्रॉली, ट्रॉलीले ना लाइट ना रेडियम? तिथं सगळे एकाच बाजूनं जाऊन राहिले, झेंडेवाला उभा, गिट्टी झाडून ठेवलेली, पडलं त घसरायले मोकळं रान. इथं रात्री मनसरच्या पुढं जा. पेंचच्या पट्ट्यात जनावरांसाठी रस्त्याच्या खालून वाटा केल्या, चांगलं काम झालं. पन डुकराले वाटलं का वरूनच जाव, त काय करता?

आन वळनं आहेत कुठं बे नागपुरात? सरळ रस्ता, सरळ मरन. समृद्धीवर त दुचाकीले घेतच नाईत. रेसवाल्यावानी गाडी झोपवून गुडघा रस्त्याले टेकवाले जागा कुठं हाय?

मानकापूरचा_मुसाफिर

खिंडसीभाऊ, गुडघा मीही टेकवला नाही.

जानेवारीत अमरावती रोडला वाडीच्या पुढे एका ट्रकच्या मागे होतो. ट्रक सरकला आणि मधोमध रिमोल्ड टायरचा सोललेला पट्टा. पूर्वी मी त्या पट्ट्याकडे बघत बसलो असतो आणि त्यावरच गेलो असतो. आपण बघतो तिकडेच गाडी जाते. त्या दिवशी नजर बाजूच्या मोकळ्या डांबरावर गेली, उजवा हात ढकलला, गाडी गेली, डावा ढकलला, परत सरळ. वेग ६० असेल. नागपुरात वळणं नाहीत हे मान्य, पण चुकवायच्या वस्तू कमी आहेत का?

बुलेटकाका५८

मी १९८४ पासून चालवतो आहे. पचमढीला किती वेळा गेलो ते मोजलेलं नाही. कोर्स वगैरे काही केला नाही. रस्ता शिकवतो. पुढचा ब्रेक मी आजवर जवळपास वापरलेला नाही, तो दाबला की माणूस हँडलवरून पुढे जातो, हे आम्हाला वडिलांनी सांगितलेलं. हाडं शाबूत आहेत. आजकालच्या मुलांना सगळ्याला सर्टिफिकेट लागतं.

आकडेमोड_महाल

काका, नमस्कार. तुमची हाडं शाबूत आहेत याचा आनंदच आहे, पण वडिलांचा हा सल्ला अर्धाच खरा. पुढचा ब्रेक *एकदम* दाबला तर धोका. आधी हलका दाबून शॉकअप बसू द्यायचे, वजन पुढच्या चाकावर आलं की मग जोर. खरी थांबवण्याची ताकद तिथेच आहे, कारण ब्रेक लागला की मागचं चाक हलकं होतं.

६० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. म्हणजे समोरचं दिसून हात ब्रेकवर पोचेपर्यंतच १७ मीटर गेले. त्यापुढे कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लावले तर साधारण २० मीटर. फक्त मागचा लावला तर जवळपास दुप्पट. वेग ८० झाला की हे २० चे ३६ होतात, कारण अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. फरकाच्या त्या २० मीटरमध्ये गाय उभी असते, काका.

आता मुसाफिरना. तुमच्याच बाजूने लिहायला बसलो होतो. हॅरी हर्ट यांनी अमेरिकेत लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला, तो १९८१ मध्ये आला. त्यातले ९२ टक्के चालक कुठेही रीतसर शिकलेले नव्हते, स्वतः किंवा घरच्यांकडून शिकलेले. ऐन वेळी त्यांनी काय केलं? मागचा ब्रेक जास्त, पुढचा कमी. (काका, वाचताय ना?) इथवर तुमचा मुद्दा भक्कम.

पण २०१० मध्ये कॉक्रेनवाल्यांनी (आरोग्यावरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) मोटरसायकल प्रशिक्षणावरचे तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा प्रशिक्षणाने अपघात कमी होतात असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा सापडला नाही. अभ्यासच कच्चे होते. नॉर्वेत मोटारवाल्यांना निसरड्या रस्त्याचं ट्रेनिंग दिलं, तर तरुण मुलांचे अपघात उलट वाढले. गाडी सांभाळता येते म्हटल्यावर ती जास्त जोरात नेली. तेव्हा तुमचा रिमोल्डचा पट्टा हा एक पट्टा आहे. आणि कोर्सनंतर तुमचा सरासरी वेग किती वाढला ते तुम्ही लिहिलेलं नाही.

मानकापूरचा_मुसाफिर

वाढला आहे थोडा. खोटं कशाला बोलू. काटोल रोडला पहिले दोन आठवडे वाढला होता.

३९०वाला_पोट्टा

मुसाफिर दादाने कबूल केलं म्हणून मीपण लिहितो. मी ट्रॅक डे केला होता, शिकवणी नाही, नुसते पैसे भरून फेऱ्या मारायच्या. महिन्याभरात चिखलदऱ्याला गेलो. परतवाड्याहून घाट चढताना उजवं वळण, आंधळं. डोक्यात ट्रॅकची रेषा. बाहेरून यायचं, आतली कड गाठायची, परत बाहेर. आपल्या लेनची उजवी कड म्हणजे मधली पांढरी पट्टी. माझी चाकं पट्टीच्या आत होती, अगदी कायद्यात. पण गाडी झोपवलेली ना, त्यामुळे डोकं आणि खांदा पट्टीच्या पलीकडे. वरून काळीपिवळी आली. आरसा तिच्या आरशाला लागला. माझं डोकं तिथे असतं तर... असो.

ट्रॅकवर पट्टीच्या पलीकडे हवा असते, हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्या घाटातला कोणताही बसचा ड्रायव्हर सांगेल की आंधळ्या उजव्या वळणाला आपल्या डाव्या कडेला राहा, पूर्ण दिसेपर्यंत आत घुसू नको. ते शिकायला मला चेन्नई नको होती आणि चेन्नईत ते मिळालंही नसतं.

आकडेमोड_महाल

यालाच म्हणतो मी माहिती. दादा, आरशावर निभावलं, नशीब.

ट्रॅक कोर्स आणि रस्त्याचा अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स यांत आपण गल्लत करतोय, हे यावरून दिसलं. इंग्लंडात पोलिसांच्या पद्धतीवर जे रस्त्याचे कोर्स चालतात त्यात गाडी झोपवणं जवळजवळ नसतंच. वळणात रस्त्याच्या दोन्ही कडा लांबवर जिथे एकमेकींना मिळताना दिसतात, त्या बिंदूवर नजर ठेवायची. बिंदू जवळ येतोय म्हणजे वळण आवळतंय, वेग कमी करा. लांब पळतोय म्हणजे उलगडतंय. आणि वेग एवढाच की जेवढं दिसतंय तेवढ्यात, आपल्याच बाजूला, गाडी थांबली पाहिजे. घाटातला बसवाला हेच करतो, फक्त त्याला बिंदू-बिंदू म्हणत नाही.

नाइटड्युटी_अस्थिविभाग

रात्रीचे दोन वाजलेत, पटकन लिहिते. तुम्ही सगळे घाट आणि रेषा यावर बोलताय. माझ्याकडे येणारे बहुतेक घरापासून पाच किलोमीटरच्या आत पडलेले असतात. भाजी आणायला गेलेले. हेल्मेट घरी, किंवा आरशाला लटकवलेलं. २०२२ च्या सरकारी आकड्यांत देशभरात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची. हेल्मेट नसलेले ५०,०२९. यातल्या किती जणांना ट्रॅकवर जाता आलं असतं? दीड महिन्याचा पगार ही रक्कम एकदा मोठ्याने वाचा.

ट्रेनिंग वाईट म्हणत नाहीये मी. पण टाळूवर पट्टा न बांधता ठेवलेलं हेल्मेट बघितलं की माझी या सगळ्या चर्चेतली गोडी जाते.

स्कूटीवाली_रामदासपेठ

डॉक्टर, +१००.

मला एक कळत नाही. एवढं शिकण्यासारखं आहे तर ते कायम ३९० सीसीच्या मोठ्या गाड्यावाल्या मुलांनाच का? मी रोज ११० ची स्कूटी घेऊन व्हरायटी चौक ते हिंगणा एमआयडीसी जाते. तुमच्यापेक्षा जास्त दिवस गाडीवर असते. माझ्या गाडीला एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) नाही, गाडी घेतली तेव्हा तो १२५ सीसीच्या वरच्यांनाच सक्तीचा होता. मला सीबीएस आहे, म्हणजे डावा ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो, हे मला शोरूममध्ये कोणी सांगितलं नाही, दोन वर्षांनी मेकॅनिकने सांगितलं. लायसन्सला काय बघितलं तर आठचा आकडा, पाय न टेकवता. एकदाही "जोरात ये आणि थांबून दाखव" म्हटलं नाही.

मला ट्रॅक नको. मला एक रिकामं मैदान आणि अर्धी सकाळ हवी. मुसाफिर, तुम्ही दोन दिवसांत जे ब्रेकचं शिकलात ते शिकवाल का? फुकट. पोहे माझ्याकडून.

मानकापूरचा_मुसाफिर

मी प्रशिक्षक नाही, ताई. पण मला जे करायला लावलं ते दाखवू शकतो. मैदान मातीचं नको, डांबर किंवा काँक्रीट बघू. परवानगीचं मी बघतो. फक्कीची पोती आणि टेप आणतो. ३० च्या वेगाने येऊन फक्कीच्या रेषेवर ब्रेक, कुठे थांबलो ते मोजायचं. मग ४०. त्याच्या वर नाही. हेल्मेटचा पट्टा मी स्वतः ओढून बघणार, नाहीतर रेषेवर प्रवेश नाही. डॉक्टर, ड्युटी नसेल तर या.

बुलेटकाका५८

येईन. मागच्याच ब्रेकने थांबून दाखवीन, मग तुमचा टेप काय म्हणतो ते बघू. तर्री जास्त असू द्या.

आकडेमोड_महाल

काका, दोन्ही पद्धतींनी तीन-तीन वेळा. वहीत मी लिहीन.

खिंडसीपर्यंतच

हाव, मीबी येतो. पन म्हैस मी आननार. रेषेवर उभा राहून वाट पाहाले ट्रॅकवरचा झेंडेवाला नसते. ती कधी आडवी येईन ते ना मुसाफिरले माहीत पाहिजे, ना काकाले.