स्तन पुनर्रचनेतील एडीएम: पाकीट उघडण्याआधी आणि उघडल्यानंतर

प्रश्न – शल्यगृह परिचारिका, नाशिक

नमस्कार. आमच्याकडे स्तनकर्करोगाची गाठ काढल्यावर त्याच शस्त्रक्रियेत इम्प्लांट बसवण्यास अलीकडेच सुरुवात झाली असून, इम्प्लांटच्या खालच्या व बाहेरच्या बाजूला आधार देण्यासाठी एडीएम, म्हणजे पेशी काढून टाकलेली त्वचा, वापरली जाते. पाकीट उघडून ती तयार करून देण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. एक उत्पादन दोनच मिनिटे सलाईनमध्ये ठेवायचे असते, दुसऱ्याला अर्धा तास लागतो आणि एकावर तर ‘निर्जंतुक’ असा उल्लेखच नाही. हा फरक कशामुळे पडतो आणि सलाईनमध्ये नेमके काय धुऊन जाते, हे कृपया कोणी नीट समजावून सांगावे.

उत्तर – टिश्यू बँकेतील निवृत्त तंत्रज्ञ, मुंबई

आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर पाकीट उघडण्याच्या कितीतरी आधीच्या टप्प्यांत आहे. मरणोत्तर दान झालेली त्वचा घेतल्यावर दात्याच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, तसेच सिफिलिस यांसाठी तपासणी होते. त्यानंतर तीव्र क्षारद्रावणाच्या साहाय्याने वरची बाह्यत्वचा सोडवली जाते आणि सौम्य डिटर्जंटने अंतस्त्वचेतील पेशी विरघळवून काढल्या जातात. ग्रहण करणारे शरीर ज्यांना परके मानून नाकारते ते घटक मुख्यतः या पेशींत असतात; कोलॅजेन व इलॅस्टिन या तंतुमय प्रथिनांची उरलेली जाळी मात्र रुग्णाच्या पेशी आणि नव्या रक्तवाहिन्या आत शिरण्यासाठी हवी असते. डिटर्जंट कमी पडले तर पेशींचे अवशेष राहून दाह होतो, जास्त झाले तर जाळीच दुबळी होते, आणि ते नीट धुतले गेले नाही तर नव्याने येणाऱ्या पेशींना अपाय होतो. या शास्त्रात 2011 पासून एक निकष सर्रास उद्धृत केला जातो: कोरड्या वजनाच्या दर मिलिग्रॅममागे 50 नॅनोग्रॅमहून कमी डीएनए, तोही 200 बेस-जोड्यांपेक्षा (डीएनएच्या साखळीची लांबी मोजण्याचे एकक) आखूड तुकड्यांत, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशीकेंद्रक अजिबात दिसता कामा नये.

भिजवण्याच्या वेळेतील फरक साठवणुकीच्या पद्धतीमुळे पडतो. गोठवून सुकवलेल्या पट्टीत पाणी जवळजवळ नसतेच, त्यामुळे तिला एकापाठोपाठ दोन भांड्यांतील सलाईनमध्ये जाडीनुसार साधारण 10 ते 40 मिनिटे ठेवावे लागते. ओली, वापरण्यास तयार असलेली पट्टी आधीच मऊ असते. तिच्यावरचे साठवणुकीचे द्रावण धुऊन काढणे एवढाच तिथे हेतू असतो. एक गोष्ट आवर्जून सांगतो: सलाईनने पट्टी निर्जंतुक होत नाही. जंतुरहित वातावरणात हाताळलेली पट्टी आणि शेवटी किरणोत्सर्गाने निर्जंतुक केलेली पट्टी यांत फरक आहे, म्हणूनच आपल्याला एका पाकिटावर तो शब्द दिसला नाही. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या टिश्यू बँकेत 1988 पासून सुकवलेल्या ऊतींना गॅमा किरण देण्याची पद्धत आहे आणि 25 किलोग्रे (शोषलेल्या किरणोत्सर्गाचे एकक) ही त्यासाठीची परिचित मात्रा आहे. मात्र किरणांनी कोलॅजेनच्या साखळ्याही तुटतात, म्हणून मात्रा वाढवत नेणे हा उपाय होऊ शकत नाही; मूळ ऊतीवर जंतू कमीत कमी असणे हीच खरी गरज आहे.

उत्तर – प्लास्टिक सर्जन, पुणे

वरील उत्तर अतिशय उपयुक्त आहे. त्यात टेबलावरच्या काही बाबींची भर घालतो. काही पट्ट्यांना दोन बाजू असतात. दोन्हींवर रुग्णाच्या रक्ताचा थेंब टाकून धुतल्यास अंतस्त्वचेची बाजू लालभडक राहते आणि गुळगुळीत बाजू फिकट गुलाबी दिसते. लाल राहणारी बाजू रक्तपुरवठा असलेल्या त्वचेकडे व गुळगुळीत बाजू इम्प्लांटकडे ठेवावी. सर्वच उत्पादनांना हा नियम लागू नाही, म्हणून पत्रक वाचावेच. पट्टी हाताळण्यापूर्वी हातमोजे बदलावेत आणि ती रुग्णाच्या उघड्या त्वचेला टेकू देऊ नये.

हे साहित्य निर्धोक आहे असे समजून ते वापरू नये, हेही तितक्याच आग्रहाने सांगतो. पाणी साचणे, संसर्ग आणि कारण न सापडणारी लाली या गुंतागुंती ओळखीच्या आहेत. नेदरलँड्समधील 2017 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डुकराच्या त्वचेची पट्टी वापरून एका टप्प्यात केलेल्या पुनर्रचनेत शस्त्रक्रियेतील गुंतागुंत 46 टक्के, तर पट्टीविना दोन टप्प्यांत केलेल्या पुनर्रचनेत 18 टक्के आढळली. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तेथील औषधे व वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने, मार्च 2021 मध्ये, काही विशिष्ट पट्ट्यांत गुंतागुंत अधिक दिसत असल्याचे कळवताना, स्तन पुनर्रचनेसाठी एकाही एडीएमला आपली मान्यता नसल्याचे स्पष्ट केले होते.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पट्टी कोणाच्या शरीरातून आली हे रुग्णाला सांगण्याची पद्धत आपल्याकडे आहे का?

उत्तर – स्तनकर्करोग समुपदेशक, ठाणे

सांगायलाच हवे, आणि तेही शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री नव्हे. पट्टी मृत दात्याची, डुकराची किंवा गोवंशाचीही असू शकते आणि अनेक स्त्रियांसाठी हा श्रद्धेचा प्रश्न असतो. त्यांना पर्याय विचारात घेण्याइतका अवधी मिळाला पाहिजे. संमतीपत्रावर स्रोत शब्दांत लिहावा. प्रतिजैविकांची ॲलर्जीही त्याच वेळी विचारावी, कारण काही पट्ट्यांत प्रक्रियेतील प्रतिजैविकांचा अंश उरतो आणि त्यांची नावे पाकिटावर असतात. तुम्ही स्वतः मात्र पाकिटावरचा क्रमांकाचा स्टिकर रुग्णाच्या नोंदवहीत चिकटवल्याशिवाय वेष्टन टाकून देऊ नका; पुढे एखाद्या दात्याबाबत सूचना आली तर ती पट्टी कोणाला बसवली हे शोधण्याचा तोच मार्ग उरतो.