तुमच्या घरची बोली आणि तुम्ही : अनुभव लिहा

गिरणाकाठ
परवा पुण्यात बँकेच्या रांगेत पुढच्या आजी फोनवर आमच्या खानदेशच्या अहिराणीत म्हणाल्या, "मी आठेच शे, तू जेवी ले." म्हणजे मी इथेच आहे, तू जेवून घे. माय जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून 'जेवी ले' कानावर पडलं नव्हतं.

आमचं गाव भडगावजवळ. पाचवीला तालुक्याच्या शाळेत "मना डोया दुखस" म्हटलं, तर बाईंनी वर्गासमोर 'डोळा, डोळा' घोकून घेतलं. 'डोळा' म्हणता यायला लागलं. पण मग मी घरी मायला सुधारायला लागले. हळूहळू पाहुणे आले की ती बोलेनाशी झाली, चहा ठेवून आत जायची. ते मला आजही सलतं. तुमच्याकडे काय झालं?

वरणबट्टी
डोया दुखस... रडूच आलं गं. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

जिभाऊ धुळेकर
आमच्यात बापालाही 'तू'च. "आबा, तू जेवना का?" बायको साताऱ्याची, लग्नानंतर हे ऐकून हादरलीच. आता माझा मुलगा मला 'अहो बाबा' म्हणतो. सगळे म्हणतात छान वळण लावलंय. मला मात्र तो दोन पावलं लांब उभा असल्यासारखा वाटतो.

केळीची बाग
आम्ही यावलकडचे. अहिराणी नाही, लेवा गणबोली, पण 'डोया' आमचाही! बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या तोंडची याच बोलीतली गाणी घरच्यांनी उतरवून ठेवली, १९५२ साली पुस्तक निघालं. शाळेत त्यांची कविता तोंडपाठ करायची आणि निबंधात 'डोया' लिहिला की लाल शाई. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून त्यांचंच नाव आहे. मग आमच्या वहीतली ती चूक कशी?

तापीचं पाणी
मी शिरपूरला नर्स आहे. म्हाताऱ्या बायांना "काय त्रास होतोय?" विचारलं तर "काही नाही" म्हणतात. "काय व्हई ऱ्हायनं व माय?" म्हटलं की पोटदुखीपासून सुनेपर्यंत सगळं निघतं. ड्युटीवर आहे, एवढंच.

कानबाईचा रोट
आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेलं की झोक्यावरची गाणी आपोआप अहिराणीत येतात. त्या दोन दिवसांत शुद्ध बोलायचं कुणाला सुचतच नाही. बरं, नाशकात कळण्याचं पीठ कुठे मिळतं?

वरणबट्टी
@कानबाई, घरीच दळून आण. चार वाट्या ज्वारी, एक वाटी उडीद, थोडं मीठ.

पांझरा
२००१च्या जनगणनेत मातृभाषा 'खानदेशी' म्हणून मोजले गेलेले लोक सुमारे २० लाख ७५ हजार होते, अहिराणी त्यातच धरतात. २०११ ला १८ लाख ६० हजार. माणसं वाढली आणि हा आकडा उतरला. त्या वेळी प्रगणक आमच्या दारात आले तेव्हा मीही 'मराठी' सांगितलं. मागे ओट्यावर माय अहिराणीत कोंबड्या हाकलत होती.

गिरणाकाठ
@पांझरा, अगदी डोळ्यासमोर आलं. काल रात्री मावशीला फोन केला, मुद्दाम अहिराणीत बोलले. दर वाक्याला अडखळत होते. ती म्हणाली, "आते मनी आंडेर वाटनी." आता माझी लेक वाटलीस. मग दोघी बराच वेळ नुसत्या फोन धरून होतो.

कानबाईचा रोट
🙏 मावशींना नमस्कार सांगा.
उडीद सालासकट ना?

वरणबट्टी
हो, अख्खे काळे.