पहिला गेम बनवायचाय तर गोडो घ्या, युनिटी नको – माझं स्पष्ट मत

पिक्सेलपंत:
कॉलेजातली पोरं सारखी विचारतात की गेम बनवायचाय, कुठलं इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) शिकू, आणि बहुतेक जण डोळे झाकून युनिटी सांगून मोकळे होतात. मला हे पटत नाही. एकटे असाल किंवा दोघं-तिघं मिळून लहान टूडी गेम करणार असाल तर गोडोच घ्या. प्रश्न पैशाचा नाही, सुरुवातीला दोन्ही फुकटच आहेत, प्रश्न भरवशाचा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने जाहीर केलं की गेम ठरावीक कमाई आणि ठरावीक इन्स्टॉलच्या पुढे गेला की दर इन्स्टॉलमागे पैसे द्यायचे, पर्सनल प्लॅनवाल्याला २० सेंटपर्यंत, आणि हे आधीच बाजारात असलेल्या गेम्सनाही लागू. जगभर बोंबाबोंब झाली, दहा दिवसांत नियम सैल केले, पुढच्या महिन्यात सीईओ जॉन रिकिटिएलो गेले आणि २०२४ च्या सप्टेंबरात फी रद्दच झाली. रद्द झाली ते बरंच झालं, पण दोन-तीन वर्षं खपून केलेला गेम ज्याच्या जिवावर उभा आहे तो मध्येच अटी बदलू शकतो हे सगळ्यांनी बघितलं ना. गोडो एमआयटी लायसन्सवर आहे, म्हणजे कुणीही फुकट वापरावं, बदलावं, आज उतरवून घेतलेली आवृत्ती कायम तुमची.

दुसरी गोष्ट मराठीची. युनिटीत मजकूर दाखवायला सर्रास वापरतात त्या टेक्स्टमेशप्रोमध्ये 'किल्ला' लिहून बघा. वेलांटी क च्या आधी दिसायला हवी ती मागे जाऊन बसते, आणि ल्ला जोडला न जाता पाय मोडलेला ल् वेगळा आणि ला वेगळा. गोडो ४ मध्ये अक्षरं जुळवणारं हार्फबझ आतच आहे, लेबलला (मजकुराच्या चौकटीला) मुक्ता फॉन्ट लावला की किल्ला किल्ल्यासारखा उमटतो. मराठीत गेम करायचा असेल तर ही काय बारीकसारीक गोष्ट नाही.

ठाणेकर_डेव्ह:
पंत, भरवसा वगैरे सगळं मान्य, पण उद्या त्या पोराला काम कोण देणार? मी मोबाईल गेम्सच्या धंद्यातच आहे, नोकरीच्या जाहिराती काढून बघा, युनिटी आणि त्याची भाषा सी शार्प, नाहीतर अनरियल हे दुसरं इंजिन आणि त्याची सी प्लस प्लस. गोडो क्वचित दिसतं. आपल्याकडे मोबाईल गेमची कमाई बरीचशी जाहिरातींवर चालते, अ‍ॅडमॉब ही गूगलची जाहिरात सेवा, तिचं युनिटीसाठीचं प्लगिन (इंजिनाला जोडायचा तयार कोड) गूगल स्वतः देतं. गोडोला ते कुणीतरी आपल्या हौसेने लिहिलेलं असतं, प्ले स्टोअरने टार्गेट एपीआय (गेम अँड्रॉइडच्या किती नव्या आवृत्तीसाठी बांधलेला हवा ती अट) वाढवला की त्या भल्या माणसाला वेळ मिळेपर्यंत वाट बघत बसा. कन्सोलचंही (प्लेस्टेशन, स्विच वगैरे) तेच, त्यांचा कोड गुप्ततेच्या कराराखाली येतो, तो खुल्या इंजिनात घालता येत नाही, म्हणजे गेम कन्सोलवर न्यायला तिसऱ्या कंपनीकडे जा आणि पैसे मोजा.

आणि देवनागरीचं म्हणाल तर युनिटी ६ च्या यूआय टूलकिटमध्ये (मेनू-बटणं बनवायच्या भागात) नवीन टेक्स्ट जनरेटर आलाय, त्यात पण हार्फबझच आहे. जुनं उगाळून काय उपयोग.

रानजाई:
तुम्ही दोघंही इंजिनापासून सुरू करताय, गेमपासून करा की. पुण्याच्या नॉडिंग हेड्स स्टुडिओने 'राजी' हा गेम केला, २०२० मध्ये आला, तो अनरियल ४ वर आहे कारण त्यांना थ्रीडी हवं होतं, प्रकाश आणि दगडी वास्तू तशा दिसायला हव्या होत्या. बालाट्रो पत्त्यांचा गेम, तो लव्ह नावाच्या छोट्याशा फ्रेमवर्कवर (लुआ भाषेसाठीच्या तयार कोडच्या सांगाड्यावर) केला, त्याला मोठं इंजिन लागलंच नाही. स्टारड्यू व्हॅली एका माणसाने एक्सएनए या फ्रेमवर्कवर केला. अंडरटेल गेममेकर या इंजिनवर. मी चित्रं काढते, कोड थोडाफारच येतो, मला विचाराल तर आधी कागदावर गेम मांडा, त्यात काय हलतं, काय बोलतं ते लिहा, मग हत्यार निवडा.

पिक्सेलपंत:
रानजाई, कागदाचं अगदी बरोबर, पण तुमचं स्टारड्यूचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. एक्सएनए मायक्रोसॉफ्टचं होतं, त्यांनी ते बंद केलं. गेम अडकला नाही कारण लोकांनी त्याची खुली आवृत्ती मोनोगेम बनवून ठेवली होती, स्टारड्यू पुढे त्यावर नेला. मी हेच सांगतोय, मालक सोडून गेला तरी काम चालू राहिलं पाहिजे. स्ले द स्पायर या गाजलेल्या गेमवाल्यांनी तर दुसरा भाग युनिटी सोडून गोडोवर घेतला, ते काय हौशी नाहीत.

ठाणेकर, युनिटी ६ चं ठीक, पण असेट स्टोअर या युनिटीच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेले तयार मेनू आणि संवादाचे पॅक ढिगाने टेक्स्टमेशप्रोवरच बांधलेले आहेत, त्यांना त्याचा उपयोग शून्य.

मी_कोल्हापुरी:
माझा लॅपटॉप ४ जीबी रॅमचा, गोडो झिपमधून काढलं की इन्स्टॉल न करता सुरू होतं, युनिटी अँड्रॉइडच्या मॉड्यूलसकट उतरवायचं म्हणजे कित्येक जीबी, गावाकडं मोबाईलच्या नेटवर कोण करतंय. पण पंत, एक अडचण तुम्ही सांगतच नाही. शिकायचं कुठून? यूट्यूबवरचे निम्मे व्हिडिओ गोडो ३ चे. त्यात कोडमध्ये कायनेमॅटिकबॉडी२डी हे नाव लिहिलेलं असतं, ४ मध्ये त्याचं कॅरेक्टरबॉडी२डी झालं, यील्ड हा शब्द जाऊन अवेट आलं, नवखा पोरगा तिथंच अडकतो आणि त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. युनिटीत निदान कुठलाही प्रश्न टाकला की कुणाला तरी आधी पडलेला असतो. आणि गोडोची स्वतःची भाषा जीडीस्क्रिप्ट शिकून पुढं ती चालते कुठं? गोडोच्या बाहेर कुठंच नाही.

ठाणेकर_डेव्ह:
हेच म्हणतोय मी. गोडोच घ्यायचं तर सी शार्प वापरा, नोकरीत तरी कामी येईल.

पिक्सेलपंत:
व्हिडिओंची तक्रार खरीये कोल्हापूरकर, म्हणून नवख्याला मी सांगतो की यूट्यूब बाजूला ठेव आणि गोडोच्याच डॉक्युमेंटेशनमधला 'पहिला टूडी गेम' आधी पूर्ण कर, तो चालू आवृत्तीचाच असतो.

सी शार्पला माझा विरोध नाही पण एक लक्षात ठेवा, गोडो ४ मध्ये सी शार्पचा प्रोजेक्ट ब्राउझरसाठी एक्सपोर्ट होत नाही, आणि पहिला गेम लोक सहसा इच या गेम्सच्या साइटवर टाकून लिंक देऊन मित्रांना ब्राउझरमध्येच खेळायला देतात. वर्गातल्या पोरांनी लिंक उघडून लगेच खेळावं असं वाटत असेल तर जीडीस्क्रिप्टच लागेल. सी शार्प नंतर शिकता येतं.