थिसलगॉर्मवर डाइव्ह करायची आहे: ओपन वॉटर पुरेल का?

निळाई
नमस्कार मंडळी. जानेवारीत मी आणि नवरा आठवडाभर शर्म-अल-शेखला जातोय. दोघांचं ओपन वॉटर (१८ मीटरपर्यंतचा पहिला डायव्हिंग परवाना) झालेलं आहे, पण आजवरच्या डाइव्ह सगळ्या नेत्राणी आणि गोव्यातल्या ग्रांद बेटाजवळच्या, १८ मीटरच्या आतल्या. तांबड्या समुद्रात थिसलगॉर्म हे बुडालेलं जहाज बघायचंच आहे. तीन शंका आहेत:
१. ओपन वॉटरवर तिथे नेतात का, आणि नेलं तरी जावं का?
२. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये खाली किती वेळ मिळतो? नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली हवा) घ्यावं का?
३. आतले ट्रक आणि मोटरसायकली बघायला होल्डमध्ये (जहाजाच्या मालकोठारात) शिरणं कितपत सुरक्षित आहे?

खारेपाणी
निळाईताई, आधी जहाज कसं पडलंय ते बघा, म्हणजे पहिल्या शंकेचं उत्तर आपोआप मिळेल. थिसलगॉर्म हे १२६ मीटर लांबीचं ब्रिटिश मालवाहू जहाज. ६ ऑक्टोबर १९४१ ला शाब अली या रीफजवळ (प्रवाळ खडकाजवळ) नांगरलेलं असताना जर्मन विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले. चौथ्या होल्डमधला दारूगोळा फुटला आणि मागचा भाग तुटून वेगळा झाला. पुढचा मोठा भाग आज वाळूवर सरळ बसलेला आहे. तळ ३० ते ३२ मीटरवर, डेक साधारण १६ ते १८ मीटरवर. म्हणजे तुमच्या परवान्याची खोली डेकवरच संपते. ट्रक, फेकले गेलेले रेल्वेचे इंजिन आणि तुटलेला मागचा भाग, हे सगळं त्याच्या खाली.

त्यामुळे आधी ॲडव्हान्स्ड (पुढचा परवाना) करा. त्यातली डीप (खोल) डाइव्ह आणि रेक (बुडालेल्या जहाजावरची) डाइव्ह तिथेच, शर्मला पहिल्या दोन दिवसांत करता येते. काही बोटी ओपन वॉटरवाल्यांनाही नेतात, पण म्हणून जावं असं मी म्हणणार नाही. तिथे खोलीपेक्षा त्रास देतो तो प्रवाह. तो जोरात असतो आणि वर एका दिशेला, खाली दुसऱ्या दिशेला असंही होतं. बोटीपासून जहाजापर्यंत बांधलेला दोर धरूनच उतरायचं आणि धरूनच चढायचं. दोर सुटला की बोटीपासून दूर वाहत जाल, तेही एकाच वेळी अनेक बोटी उभ्या असतात अशा जागी. म्हणून दोघांकडे वेगवेगळा फुगवायचा सिग्नल बोया आणि त्याच्या दोरीचं रील हवं. दोघांत मिळून एक चालणार नाही. पाच मीटरवर तरंगत राहून तो बोया सोडायचा सराव इथूनच करून जा.

आता हवा. शांत डाइव्हरला पृष्ठभागाच्या हिशोबाने मिनिटाला २० लिटर लागतात असं धरू. ३० मीटरवर दाब चौपट, म्हणजे मिनिटाला ८० लिटर. १२ लिटरचं सिलिंडर २०० बार दाबाला भरलं तर एकूण २४०० लिटर. उतरताना साधारण १२ बार जातात, राहिले १८८.

राखीव हवा मात्र दोघांची धरायची. जोडीदाराची हवा संपली तर दोघं तुमच्याच सिलिंडरवर वर येणार, आणि घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर सहज घेतो. दोघांचे ६०. खाली एक मिनिट गोंधळ सावरायला: २४० लिटर. मिनिटाला ९ मीटर वेगाने वर यायला: सुमारे ५००. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायला: २७०. बेरीज १०१०, म्हणजे ८५ बार. म्हणून तळाजवळ असताना काटा ९० च्या खाली जाता कामा नये. "५० बारला बोटीवर" हे जे सर्रास सांगतात ते उथळ रीफवर ठीक आहे, इथे तो आकडा धोक्याचा आहे.

माझ्या मते वाटणी अशी ठेवा: तळाजवळ ८ मिनिटं, मग वर येऊन डेकवर. १८ मीटरवर मिनिटाला ५६ लिटरच लागतात आणि कमी राखीव हवाही पुरते. ७० बारला दोर हातात असेल असं धरलं तर डेकवर १४ मिनिटं मिळतात.

गजा_रेग्युलेटर
वरच्या हिशोबात एक भर. दोर ओढत प्रवाहाविरुद्ध उतरताना हवेचा खप दीडपट होतो, तेव्हा १२ ऐवजी १८ ते २० बार धरा.

नायट्रॉक्स जरूर घ्या, पण ३२ टक्केच. ऑक्सिजनचा दाब १.४ बारपर्यंत ठेवायचा तर ३२ ची मर्यादा ३३ मीटर येते, तळ त्याच्या आत बसतो. ३६ घेतलं तर २८-२९ मीटरलाच मर्यादा संपते, म्हणजे तळाशी तुम्ही ती ओलांडलेली असेल. साध्या हवेवर ३० मीटरला डाइव्हचं टेबल (तिथे किती वेळ थांबता येतं त्याचा तक्ता) २० मिनिटं देतं, ३२ वर ३० च्या आसपास. फरक खरा जाणवतो तो दुसऱ्या डाइव्हला, कारण त्याच दिवशी लगेच पुन्हा उतरायचं असतं. नायट्रॉक्सने हवा जास्त पुरत नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. सिलिंडर स्वतः ॲनलायझरवर तपासा, टक्केवारी आणि खोलीची मर्यादा टेपवर लिहा, आणि डाइव्ह कॉम्प्युटरवर तोच आकडा घाला. कॉम्प्युटर मागच्या दिवशीच्या हवेच्या सेटिंगवर राहून जाणं ही नेहमीची चूक आहे.

वजन: तांबडा समुद्र आपल्या समुद्रापेक्षा खारट, आणि जानेवारीत पाणी २१-२२ अंश म्हणजे ५ मिलिमीटरचा सूट लागणार. नेत्राणीला ३ मिलिमीटरवर जे वजन घेत होता ते पुरणार नाही. पहिल्या उथळ डाइव्हला, सिलिंडर ५० बारवर असताना, पाच मीटरला बीसीडी (हवा भरायचं जॅकेट) रिकामं करून स्थिर राहता येतं का बघा. भरलेल्या सिलिंडरवर तपासलं तर फसाल, कारण १५० बार वापरले की दोन किलोहून जास्त वजनाची हवा निघून गेलेली असते.

निळाई
मनापासून आभार, इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. माझ्यापेक्षा नवऱ्याची हवा लवकर संपते. मग हिशोब कुणाचा धरायचा? आणि होल्डचं राहिलं.

खारेपाणी
ज्याची लवकर संपते त्याचा. आकडा मात्र मोजून काढा: १० मीटरवर, नेहमीच्या वेगाने पोहत १० मिनिटं, आधी आणि नंतरचे बार लिहा. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३३ बार गेले तर खप २० लिटर. ४० गेले तर २४. वरच्या सगळ्या ओळी त्या आकड्याने पुन्हा मांडा.

वेताळ_रीफ
होल्डबद्दल मी लिहितो.

पहिला आणि दुसरा होल्ड वरून उघडे आहेत. बेडफर्ड ट्रक, त्यांवर लादलेल्या नॉर्टन आणि बीएसए मोटरसायकली, रबरी बुटांचा ढीग, हे सगळं तिथेच. आत गेलात तरी वर निळं चौकोनी आभाळ दिसत राहतं, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण कडेला, मधल्या डेकखाली सरकलात की डोक्यावर छप्पर आलं. रेक डाइव्हच्या प्रशिक्षणातली मर्यादा अशी: बाहेरचा उजेड दिसत राहिला पाहिजे, आणि पृष्ठभागापासूनचं एकूण अंतर ४० मीटरच्या आत. २७ मीटर खोलीवर असाल तर आत जायला उरले फक्त १३ मीटर. पहिल्या डाइव्हला आत जाऊच नका. बाहेरून एक फेरी मारा, दोर कुठे बांधलाय आणि होल्डची तोंडं कुठे आहेत ते डोक्यात बसवा. दुसऱ्या डाइव्हला मार्गदर्शकाबरोबर जा.

आत बिघडतं काय? पाय वरखाली मारले की तळाचा गाळ उठतो आणि काही क्षणांत हात दिसेनासा होतो. गुडघे वाकवून, पाय बेडकासारखे बाजूला मारा. बुडबुडे छताला लागून गंजाचे पापुद्रे सुटतात, तेव्हा पुढच्या गटाच्या मागोमाग शिरू नका. लोंबणारी नळी छातीशी अडकवा, टॉर्च प्रत्येकाकडे दोन.

आणखी एक, फार कळकळीने सांगतो. छताखाली हवेचे कप्पे दिसतात. तिथे रेग्युलेटर काढून श्वास घेऊ नका. ती डाइव्हरांनी सोडलेली हवा, त्यात गंजणारं लोखंड ऑक्सिजन खातं. हीच हवा जहाजही खाते, म्हणून २००७ मध्ये तिथल्या हेपका या संस्थेने ती बाहेर पडावी यासाठी लोखंडात भोकं पाडली. बोटींनी कठड्यांना दोर बांधून बरंच तोडलंय. दारूगोळा अजून तिथे आहे, हात लावायचा नाही, आणि काहीही वर आणायचं नाही. या जहाजावर नऊ माणसं गेली.

खारेपाणी
सरावासाठी डनरेव्हन सुचवतो, शर्महून दिवसाच्या बोटीने होतं. १८७६ मध्ये मुंबईहून न्यूकॅसलला निघालेलं हे जहाज शाब महमूदच्या रीफवर आपटलं. उलटं पडलंय, नाळ (पुढचं टोक) १८ मीटरच्या आसपास, मागचा भाग २८ ला. सगळं छप्परच असल्यामुळे बाहेरूनच बघा. शेजारी रीफ आहे, तिच्या उताराने हळूहळू वर येता येतं, हवा आणि वेळ दोन्ही वाचतात. मुंबईलाच निघालेलं कार्नाटिक (१८६९) त्याहून सोपं, लाकडी फळ्या कुजून नुसत्या लोखंडी बरगड्या उरल्यात. पण ते अबू नुहास या रीफला, हुरघाडाच्या बाजूने जवळ पडतं.

गजा_रेग्युलेटर
क्रम असा लावा: पहिला दिवस रास मोहम्मदला उथळ डाइव्ह, वजन आणि खप तपासायला. दुसरा दिवस डीप आणि डनरेव्हन. तिसऱ्या दिवशी थिसलगॉर्म. बोटी पहाटेच निघतात आणि जानेवारीत उत्तरेचा वारा असला की फेरी रद्द होते, म्हणून पुढचे दोन दिवस मोकळे ठेवा. शेवटची डाइव्ह आणि विमान यांत २४ तास सोडा. विम्यात डीकंप्रेशन चेंबरमधल्या उपचारांचा खर्च आणि ३० मीटरच्या पुढची खोली लिहिलेली आहे ना, ते तिकिटं काढण्याआधी वाचा.